ग्रीन बे पॅकर्सचा शेअर: तीनशे डॉलरची मालकी

अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक संघाचा मालक कसा जगतो, याची थोडीफार कल्पना दूरचित्रवाणीवर सामने पाहणाऱ्या प्रत्येकाला असते. स्टेडियमच्या उंचावरील काचबंद कक्षात तो बसलेला असतो, संघ हरू लागला की कॅमेरा त्याच्या कपाळावरच्या आठ्या टिपतो, अंतिम सामना जिंकला की चषक आधी त्याच्या हाती जातो, आणि प्रशिक्षकाला ठेवायचे की नारळ द्यायचा हेही बहुधा तोच ठरवतो. नॅशनल फुटबॉल लीगमधील 32 संघांपैकी 31 संघांचे मालक साधारण याच पठडीतले अब्जाधीश किंवा धनाढ्य कुटुंबे आहेत. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्स हा संघ तेवढा निराळा असून त्याची मालकी 5 लाख 35 हजारांहून अधिक भागधारकांमध्ये विभागलेली आहे. मिलवॉकीत स्थायिक झालेला माझ्यासारखा एक पुणेकरही त्यांत मोडतो. 16 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू झालेल्या भागविक्रीत मी एक शेअर घेतला. किंमत 300 डॉलर आणि वर हाताळणी शुल्क 35 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पंचवीस हजार रुपये. ही वस्तू घेण्याजोगी आहे का आणि तिच्यासोबत मालकाचे आयुष्य किती प्रमाणात मिळते, हे आता काही हंगाम उलटून गेल्यावर नीट सांगता येईल.

हाती येते ते एक जाड कागदाचे प्रमाणपत्र. त्यावर आपले नाव, शेअरची संख्या आणि संघाच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. चौकट आपली आपण करून घ्यायची. प्रमाणपत्र देखणे आहे यात शंका नाही, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यासमोर थांबतो. पण या खरेदीतला सर्वांत वाचनीय भाग प्रमाणपत्र नसून त्याआधी वाचायला लागणारे माहितीपत्रक आहे. इतक्या प्रामाणिकपणे ग्राहकाला परावृत्त करणारे विक्रीपत्रक मी दुसरे पाहिलेले नाही. नफा, लाभांश किंवा करसवलत मिळवण्याच्या हेतूने हा शेअर कोणीही घेऊ नये, त्यातून नफा होणे तर दूरच, घातलेली रक्कम परत मिळणेही जवळजवळ अशक्य आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. रोखे खरेदी करणाऱ्याला कायद्याने जे संरक्षण असते ते येथे लागू नाही, कारण संघाच्या मते हा नेहमीच्या अर्थाने शेअर नाहीच. तो बाजारात विकता येत नाही. जवळच्या नातेवाइकाला भेट देता येतो, मृत्यूनंतर वारसाकडे जातो, आणि अगदीच नको झाला तर संघच तो नाममात्र रकमेला परत घेऊ शकतो.

पुण्याला वडिलांना फोनवर हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाभांश किती?" लाभांश नाही म्हटल्यावर दुसरा, "विकायचा झाला तर?" विकता येत नाही म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग बाबा, तू देणगी दिलीस असे म्हण की." करसवलत नसल्याने ती देणगीही नव्हती, हे मी त्यांना सांगितले नाही. नगर जिल्ह्यात आमच्या आजोबांकडे सहकारी साखर कारखान्याचा शेअर होता. त्यावर दिवाळीला सवलतीची साखर मिळत असे, उसाची नोंद लागत असे आणि निवडणुकीच्या काळात संचालकपदाचे उमेदवार दारात येऊन आजोबांच्या पाया पडत असत. पॅकर्सचा भागधारक त्या सभासदाचा चुलतभाऊ खरा, परंतु त्याला साखर मिळत नाही, ऊस घालता येत नाही आणि त्याच्या दारी कोणी येत नाही.

असे असताना ही विक्री सहा वेळा झाली आणि सहाही वेळा लोकांनी पैसे दिले, हे कसे, ते समजण्यासाठी गावाकडे पाहावे लागते. ग्रीन बेची लोकसंख्या एक लाख सात हजारांच्या घरात आहे. लीगमधील इतर संघ न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशा महानगरांत असताना, आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या वस्तीत एक संघ 1919 पासून टिकून आहे. त्या वर्षी कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी तो उभा केला. गणवेशाचे पैसे लॅम्बो जिथे नोकरीला होते त्या इंडियन पॅकिंग कंपनीने दिले आणि नाव तेथूनच पडले. (या कंपनीचा भारताशी काही संबंध नाही. आमच्या मराठी मंडळातील काही ज्येष्ठांची हे ऐकून निराशा होते.) 1923 मध्ये संघ डबघाईला आल्यावर पाच डॉलरला एक याप्रमाणे हजार शेअर गावात विकले गेले आणि घेणाऱ्याने हंगामाची किमान सहा तिकिटेही घ्यावीत अशी अट होती. पुढे एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, त्याने दावा जिंकला, विमा कंपनी बुडाली आणि संघ न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या ताब्यात गेला. 1935 मध्ये दुसऱ्यांदा झोळी फिरवून पंधरा हजार डॉलर उभे करावे लागले.

तिसरी विक्री 1950 ची. पंचवीस डॉलरला एक शेअर, आणि जमले एक लाख अठरा हजार डॉलर. संघाच्या अधिकृत इतिहासात या विक्रीतला एक प्रसंग नोंदवलेला आहे. राइट्सटाउनच्या पश्चिमेकडील एका शेतावरून एक बाई वॉलनट स्ट्रीटवरच्या जुन्या तिकीट कचेरीत आल्या आणि काड्यापेटीच्या खोक्यात भरून आणलेली पंचवीस डॉलरची नाणी त्यांनी काउंटरवर टाकली. पाव डॉलरची शंभर नाणी. ती रक्कम शेतकरी कुटुंबाला त्या काळात किती जड गेली असेल याचा विचार केला, तर आमच्यासारख्यांनी क्रेडिट कार्डावर एका मिनिटात उरकलेल्या खरेदीला मालकी म्हणताना जरा अवघडल्यासारखे होते.

हे अवघडलेपण आकड्यांतही आहे, आणि विक्रीच्या जाहिरातीत ते कोणी ठळकपणे सांगत नाही. 1997 च्या चौथ्या विक्रीआधी संघाच्या 1,940 जुन्या भागधारकांच्या प्रत्येक शेअरचे हजार शेअर करण्यात आले. त्यानंतर 200 डॉलरच्या दराने एक लाख वीस हजार नवे शेअर विकले गेले, 2011-12 मध्ये 250 डॉलरने सुमारे दोन लाख एकोणसत्तर हजार आणि 2021-22 मध्ये 300 डॉलरने सुमारे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. एकूण शेअर आज बावन्न लाखांच्या आसपास आहेत. बेरीज-वजाबाकी केली की कळते, की 1997 नंतर पैसे भरून आलेल्या आम्हा लाखो मालकांकडे मिळून मतांचा सुमारे नववा हिस्सा आहे आणि उरलेली जवळजवळ सगळी मते 1950 पर्यंतच्या कुटुंबांकडे व त्यांच्या वारसांकडे आहेत. ग्रीन बेच्या दृष्टीने ही योजना शहाणपणाची आहे, कारण बाहेरच्यांचे पैसे आत येतात आणि सूत्रे गावाकडेच राहतात. शिवाय कोणाही एका व्यक्तीला दोन लाखांहून अधिक शेअर बाळगता येत नाहीत, त्यामुळे एखाद्या धनिकाने हळूहळू शेअर गोळा करून संघ गिळंकृत करण्याची वाटही बंद आहे. विकत घेणाऱ्याने मात्र "एक शेअर, एक मत" या वाक्यातील मताचे वजन आधीच जोखून घ्यावे.

हे वजन वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्यक्ष जाणवते. सभा दर उन्हाळ्यात, बहुधा जुलैमध्ये, लॅम्बो फील्डवरच भरते, आणि या शेअरबरोबर मिळणारी खरोखरची सेवा म्हणावी तर ही एकच. मिलवॉकीहून गाडीने दोन तास लागतात. भागधारकाला प्रवेशपत्रिका मिळते आणि सोबत कुटुंबीयांनाही नेता येते. सभेची जागा म्हणजे 81 हजारांहून अधिक क्षमतेचे ते स्टेडियमच. तेथील बहुसंख्य जागा म्हणजे पाठ नसलेले अॅल्युमिनियमचे बाक असून जानेवारीत त्यांवर बर्फ साचतो, तर जुलैच्या उन्हात ते असे तापतात की अनुभवी मालक बसण्यापूर्वी खाली वर्तमानपत्र अंथरतात. व्यासपीठ खाली मैदानाच्या कडेला असते. आजूबाजूला हिरव्या-पिवळ्या जर्सी घातलेली आजोबा, आजी, नातवंडे अशी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे, कोणाच्या डोक्यावर चीजच्या तुकड्याच्या आकाराची फोमची टोपी, आणि हातात ब्रॅटवर्स्ट नावाचे सॉसेज. शाकाहारी मालकाने तळलेल्या चीज कर्ड्सवर भागवावे. ते गरम असतानाच खावेत, गार झाले की रबरासारखे लागतात.

कामकाज मात्र कोणत्याही सहकारी संस्थेच्या सभेला बसलेल्या मराठी माणसाला अगदी ओळखीचे वाटेल. अध्यक्षांचे भाषण, खजिनदारांचा अहवाल, जनरल मॅनेजरकडून संघबांधणीचा आढावा, आणि संचालकांची निवड. उमेदवारांची यादी मंडळाकडूनच ठरून येते, बहुतेक मते प्रॉक्सीने आधीच पडलेली असतात आणि हात वर करण्याचा आनंद तेवढा आपल्यासाठी राखून ठेवलेला असतो. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या वडिलांनी 1950 मध्ये एक शेअर घेतला होता, तो आता त्यांच्याकडे आला आहे. माझ्या एका मतासमोर त्यांची हजार मते. मी हे बोलून दाखवल्यावर ते हसले आणि म्हणाले, की हजार मतांनीही त्यांना कधी एखादा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू) बदलता आलेला नाही. भागधारक चाळीसएक जणांचे संचालक मंडळ निवडतात, मंडळ सात जणांची कार्यकारी समिती निवडते, आणि समिती अध्यक्षाच्या मार्फत कारभार पाहते. समितीत पगार घेणारा पदाधिकारी अध्यक्ष एकटाच, बाकीचे बिनपगारी. 2008 पासून हे पद मार्क मर्फी यांच्याकडे होते, आणि जुलै 2025 मध्ये वयाच्या सत्तरीच्या नियमानुसार ते निवृत्त झाल्यावर एड पॉलिसी यांनी ते स्वीकारले. मालकांच्या बैठकीत इतर 31 मालकांच्या शेजारी आमच्या वतीने अध्यक्षच बसतात, आणि 2011 च्या फेब्रुवारीत सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, चषक आमच्या वतीने मर्फी यांनीच घेतला.

आता याच्या शेजारी खऱ्या मालकाचे आयुष्य ठेवून पाहावे. जेरी जोन्स यांनी 25 फेब्रुवारी 1989 रोजी डॅलस काउबॉइज सुमारे 14 कोटी डॉलरना घेतला आणि त्याच दिवशी, 29 हंगाम संघाला घडवणाऱ्या टॉम लँड्री यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले. जनरल मॅनेजरचे काम त्यांनी स्वतःकडेच ठेवले आणि आजतागायत ते सोडलेले नाही. कोणाला घ्यायचे, कोणाला किती पैसे द्यायचे, सामना हरल्यावर पत्रकारांना काय सांगायचे, हे सारे त्यांच्या एका शब्दावर चालते. आमच्याकडे 2020 मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवड प्रक्रियेत अॅरन रॉजर्स ऐन भरात असताना पहिल्या फेरीत जॉर्डन लव्ह या तरुण क्वार्टरबॅकला घेतले गेले. त्यावरून रॉजर्स दुखावले आणि अखेर 2023 मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे गेले. या घटनाक्रमात लाखो मालकांना कोणीही काहीही विचारले नाही, आणि आम्हालाही ती बातमी इतरांप्रमाणे मोबाइलवरच कळली. अधिकार म्हणून पाहिले तर या शेअरला शून्य गुण द्यावे लागतील.

जबाबदारी मात्र शून्य नाही, ही त्यातली गंमत. माहितीपत्रकात मालकांच्या वर्तनाविषयीचे लीगचे नियमही जोडलेले असतात. मालकाने लीगच्या सामन्यांवर पैज लावू नये, इतर संघांवर, त्यांच्या प्रशिक्षकांवर किंवा पंचांवर जाहीर टीका करू नये, असे ते सांगतात. पंचांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या माझ्यासारख्याला कोणी दंड करायला येईल असे नाही, पण शिकागो बेअर्स या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यात घरात जे काही बोलले जाते ते नियमांच्या चौकटीत बसत नाही, हे खरे.

बहुतेक लोकांचा गैरसमज तिकिटांविषयी असतो. शेअर घेतला की सामन्याचे तिकीट मिळण्यात काही प्राधान्य मिळत असेल, असे ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला विचारले आहे. तसे काही मिळत नाही. लॅम्बो फील्डची हंगामी तिकिटे 1960 पासून संपलेली असून प्रतीक्षा यादीत एक लाख चाळीस हजारांहून अधिक नावे आहेत. मुलाच्या जन्मानंतर त्याचे नाव या यादीत घालणे हा विस्कॉन्सिनमधील नित्याचा भाग आहे. मालक असूनही आपल्या संघाचा सामना पाहण्यासाठी इतरांप्रमाणेच पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर चढ्या भावाने तिकीट घ्यावे लागते. संघाच्या दुकानात भागधारकांसाठीच्या खास टोप्या, जर्सी आणि मग विकायला असतात, तेही विकतच. एकंदरीत मालक होऊन खिसा हलका करण्याच्या संधी वाढतात.

पैशाचा विनियोग हा मुद्दा मला सर्वांत गुंतागुंतीचा वाटतो. लीगच्या नियमाप्रमाणे भागविक्रीची रक्कम खेळाडूंच्या मानधनावर खर्च करता येत नाही, ती स्टेडियमसारख्या कायमस्वरूपी कामांसाठीच वापरावी लागते. 2011-12 चे पैसे दक्षिण बाजूच्या नव्या आसनांसाठी गेले आणि ताज्या विक्रीचे मोठे व्हिडिओ पडदे व मार्गिकांच्या सुधारणेसाठी. ती विक्री निघण्यामागे निमित्तही होते. करोनाच्या हंगामात स्टेडियम जवळजवळ रिकामे राहिल्याने मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात संघाचे उत्पन्न 37 कोटी डॉलरपर्यंत खाली आले आणि कामकाजात सुमारे 3 कोटी 88 लाख डॉलरचा तोटा झाला. परंतु ही तंगी तात्पुरती होती. 2023-24 मध्ये लीगच्या दूरचित्रवाणी करारांतून व इतर राष्ट्रीय उत्पन्नातून प्रत्येक संघाच्या वाट्याला 40 कोटी डॉलरहून अधिक आले, आणि पॅकर्सचा राखीव निधी 50 कोटी डॉलरच्या पुढे गेला. एवढ्या श्रीमंत संस्थेने सामान्य चाहत्याकडून विनापरताव्याचे तीनशे डॉलर घ्यावेत का, हा प्रश्न रास्त आहे. त्यात भर म्हणजे स्टेडियमच्या 2000 नंतरच्या मोठ्या नूतनीकरणासाठी ग्रीन बे ज्यात येते त्या ब्राउन काउंटीतील रहिवाशांनी 2015 पर्यंत अर्धा टक्का जादा विक्रीकर भरला. ज्यांनी शेअर घेतला नाही, किंवा ज्यांना फुटबॉल आवडत नाही, त्यांनीही दुकानातील पावतीमागे मालकी हप्ता भरलाच, फक्त त्यांना प्रमाणपत्र मिळाले नाही.

लीगच्या पैशाचे आकडे जगाला कळतात, तेही या संघाच्या वार्षिक अहवालामुळेच. इतर 31 मालक आपले हिशेब कोणाला दाखवत नाहीत. आमच्या खजिनदारांना मात्र दरवर्षी ते दाखवावे लागतात, आणि त्यावरून समान वाटपाची रक्कम कळल्यामुळे पत्रकार बाकीच्या संघांच्या तिजोरीत किती आले याचा हिशेब मांडतात. मालकीचा हा एक उपयोग मला मनापासून आवडतो.

तरीही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण एकच आहे. हा संघ गाव सोडून जाऊ शकत नाही. अमेरिकेत संघमालकाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अधिकार प्रशिक्षक बदलण्याचा नसून गाव बदलण्याचा आहे, आणि तो अनेकदा वापरला गेला आहे. रॉबर्ट आयर्सी यांनी मार्च 1984 मध्ये एका रात्रीत बाल्टिमोर कोल्ट्सचे सामान मेफ्लावर कंपनीच्या ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला हलवले, आणि सकाळी शहर उठले तेव्हा संघ नव्हता. आर्ट मोडेल यांनी 1995 मध्ये क्लीव्हलंडचा संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. सेंट लुइसचा रॅम्स 2016 मध्ये लॉस एंजेलिसला गेला, सॅन डिएगोचा चार्जर्स त्याच्या पुढच्या वर्षी, आणि ओकलंडचा रेडर्स 2020 मध्ये लास व्हेगासला. प्रत्येक वेळी चाहत्यांनी निदर्शने केली, नगरपालिकांनी ठराव केले, आणि मालकाने नवे स्टेडियम देणाऱ्या शहराचा करार स्वीकारला.

पुणेकराला हे परके नाही. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी 2014 पासून बालेवाडीत खेळत होता. 2019 मध्ये तो गुंडाळला गेला आणि त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली. नारिंगी-जांभळे स्कार्फ घेतलेल्या चाहत्यांचे मत घेण्याची त्या व्यवहारात गरजच नव्हती. गोव्यात, जिथे फुटबॉल गल्लीबोळांत रुजलेला आहे, तिथेही 2016 मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुबे दी गोवा यांनी राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रस्तावित रचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून माघार घेतली. निषेधाची कारणे योग्य असतीलही. पण निर्णय तिथेही क्लबच्या चालकांचाच होता, आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर जाणाऱ्यांनी तो नंतर वाचला.

ग्रीन बेमध्ये असे होऊ नये याची तरतूद 1923 च्या घटनेतच करून ठेवलेली आहे. संघ कधी विकला गेलाच, तर खर्च वजा जाता उरलेली सगळी रक्कम स्थानिक माजी सैनिकांच्या संघटनेला, सैनिकांचे स्मारक उभारण्यासाठी द्यावी, असे तिच्यात लिहिले होते. 1997 मध्ये भागधारकांनी लाभार्थी बदलून संघाच्याच धर्मादाय प्रतिष्ठानाचे नाव घातले. दोन्ही वेळी परिणाम एकच, विकून कोणाच्याही खिशात एक डॉलर जाणार नाही. 2023 मध्ये वॉशिंग्टनचा संघ 6 अब्ज 5 कोटी डॉलरना विकला गेला. त्या भावाने पॅकर्सची किंमत काय होईल याचा हिशेब सभेला आलेले लोक गमतीने करतात, आणि आपल्या वाट्याला त्यातले काहीच येणार नाही हे माहीत असल्याने त्यांना तो गोड वाटतो. एवढी मोठी संपत्ती, आणि ती विकण्यात कोणाचाच स्वार्थ नाही. लाभांश नसणे, विकता न येणे, दोन लाखांची मर्यादा, मतांचे ते विषम वाटप, या ज्या अटी ग्राहक म्हणून डाचतात, त्यांच्यामुळेच संघ जागचा हलत नाही. लीगने अशी सार्वजनिक मालकी इतरांना बंद केलेली आहे. प्रमुख मालकाकडे किमान 30 टक्के हिस्सा असावा आणि एका संघाचे मालक 24 हून अधिक नसावेत, असा तिचा नियम आहे. पॅकर्सची पद्धत नियमाआधीपासूनची असल्याने तिला सूट मिळाली. 2024 मध्ये लीगने खासगी गुंतवणूक निधींना दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा घेण्याची मुभा दिली, तेव्हा तर आमचा शेअर अधिकच जुन्या काळचा दिसू लागला.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. सध्या विक्री चालू नाही. ती कधीही नियमित नसते, मोठे बांधकाम निघाले आणि लीगने परवानगी दिली की काढली जाते. मागील विक्री अमेरिका, तिच्या अखत्यारीतील प्रदेश आणि कॅनडा येथील लोकांपुरती होती, त्यामुळे पुण्या-मुंबईतील चाहत्याला थेट घेता येणार नाही. जुनी प्रमाणपत्रे संग्राह्य वस्तू म्हणून इंटरनेटवर विकायला दिसतात, पण ती घेऊन संघाचे मालक होता येत नाही, कारण मालकी संघाच्या नोंदवहीत असते, कागदावर नाही. ज्यांना गुंतवणूक हवी आहे त्यांनी हे पैसे सरळ बँकेत ठेवावेत. ज्यांना सामने पाहायचे आहेत त्यांनी प्रतीक्षा यादीत नाव घालावे आणि दरम्यान जुलै-ऑगस्टमधील सरावाला जावे. तेथे खेळाडू लॉकर रूमपासून मैदानापर्यंत गावातल्या मुलांच्या सायकलींवरून जातात, गुडघे हँडलला लागत असतात, आणि सायकलीचा मालक त्यांचे हेल्मेट सांभाळत शेजारून पळत असतो. हे पाहायला पैसे पडत नाहीत आणि शेअरही लागत नाही.

शेअर घेतलाच असेल, तर सभेला निदान एकदा जावे. ग्रीन बेमधील हॉटेले त्या दिवसांत लवकर भरतात, म्हणून तारीख जाहीर होताच खोली घ्यावी, टोपी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी, आणि खजिनदारांचा अहवाल कंटाळवाणा वाटला तरी शेवटपर्यंत ऐकावा, कारण लीगच्या बाकीच्या मालकांना जे लपवायचे असते ते तिथेच मोठ्याने वाचले जाते. पुढची विक्री निघाली तर मी स्वतःसाठी दुसरा शेअर घेणार नाही. बावन्न लाखांत एक मत आणि दोन मते सारखीच. मुलीच्या नावाने मात्र घेईन. ती मिलवॉकीत जन्मलेली आहे, बेअर्सविषयी तिची मते माझ्याहून कडक आहेत, आणि सभेत संचालकांच्या यादीला विरोधात हात वर करायचा असतो का, असे तिने मला आताच विचारून ठेवले आहे.